‘बाकीचे नंतर टाकतो’ म्हणणारं गिऱ्हाईक

मोबाइलवरच्या लिलावात जुनी नाणी-नोटा विकणाऱ्यांसाठी हे लिहितोय. पैसे बुडवणाऱ्यापेक्षा थोडे कमी देणारा जास्त ताप देतो. बुडवणाऱ्याचा माल आपल्याच कपाटात राहतो. कमी देणारा मात्र हातात एक पावती घेऊन बसतो.

मी नागपुरात महाल भागात राहतो. नोकरी सांभाळून रविवारी रात्री ग्रुपवर लॉट, म्हणजे एकत्र विकायचा नाण्या-नोटांचा गठ्ठा, लावतो. नियम साधा: तीन दिवसांत पूर्ण पैसे, मग स्पीड पोस्ट. असंच कमी पैसे देणाऱ्या एका गृहस्थांनी आधी काही जुन्या नोटा घेतल्या. पैसे आले, पण साडेसहाशे कमी. “भाऊ, पुढच्या लॉटमध्ये अ‍ॅडजस्ट करू, तुम्ही पाठवून द्या.” माणूस गोड बोलणारा, ग्रुपवर जुना. पार्सल गेलं. ते साडेसहाशे आजतागायत आले नाहीत.

मग त्यांनी सहाव्या जॉर्जच्या एक रुपयाच्या दहा नाण्यांचा लॉट ९,४०० ला घेतला. १९४४ आणि १९४५ ची, लाहोर टांकसाळीची नाणी. “अजून एक-दोन लॉट घेतो, एकत्रच पाठवा, पोस्टेज वाचेल.” ही विनंती रास्त वाटते, बरेच जण करतात. पण यात गोम आहे. तो रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात निम्मी चांदी. म्हणजे किलोला एक लाख भाव धरला तर एका नाण्यात ५८३ रुपयांची नुसती चांदी. पैसे लांबवणारा फुकटात सट्टा खेळत असतो. भाव चढला तर “माझा लॉट कुठाय?”, उतरला तर घासाघीस. तोवर आपला माल अडकलेला, दुसऱ्याला देता येत नाही.

भाव उतरला आणि एका दुपारी ७,००० जमा झाले. सोबत मेसेज: “दोन नाण्यांची कड घासलेली आहे, फुल अँड फायनल.” कडेचे फोटो मी बोलीआधीच टाकले होते, ते त्यांनी पाहिलेलेही होते. मी ‘ठीक आहे’ लिहून मोकळा होणार, तेवढ्यात आमच्या गल्लीतले वकीलकाका म्हणाले, “काही लिहू नको बाप्पा, थांब जरा.” १८७२ च्या करार कायद्याचं कलम ६३ त्यांनी दाखवलं. कमी रक्कम पूर्ण फेड म्हणून कबूल केली की देणं संपतं. कायद्यातच उदाहरण आहे, पाच हजारांच्या देण्यापोटी दोन हजार कबूल केले तर सगळं कर्ज फिटलं. म्हणून मी त्याच चॅटवर लिहिलं: “७,००० अंशतः मिळाले, २,४०० बाकी, गुरुवारपर्यंत द्या, नाहीतर लॉट पुन्हा विकीन आणि तुमचे पैसे परत करीन.” १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार पूर्ण किंमत मिळेपर्यंत विक्रेता ‘पैसे न मिळालेला’च धरला जातो, आणि नोटीस देऊन माल पुन्हा विकताही येतो.

गुरुवारी रात्री २,४०० चा स्क्रीनशॉट आला. हिरवी खूण, वेळ, सगळं झकास. खात्यात मात्र काही नाही. यूपीआयचा बारा अंकी व्यवहार क्रमांक मागितला, तर “सर्व्हर डाऊन आहे, सकाळी दिसेल.” स्क्रीनशॉट कुणीही बनवतो, बँकेचा वाटणारा एसएमएससुद्धा. स्वतःच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक वाढलेली दिसली तरच पैसे आले म्हणायचं.

खरा त्रास पुढे. गृहस्थांनी ७,००० ची खरी पावती ग्रुपवर टाकली: “नागपूरवाल्याने पैसे घेतले, माल देत नाही.” लोकांना पावती दिसली, बाकी रक्कम कुणाला दिसते? ते चॅट जसंच्या तसं टाकलं तेव्हा कुठे आवाज थांबला. फोनवर ठरवलं असतं तर माझ्याकडे दाखवायला काय होतं?

पैसे परत करायची वेळ आली तर म्हणतात, “दुसरा नंबर देतो, तिकडे टाका, हे खातं बंद होतंय.” तिथे मी अडून बसलो. एकाकडून आलेले पैसे दुसऱ्याच नंबरवर पाठवले आणि उद्या कुणी सायबर तक्रार केली, तर साखळीत आपलं खातंही गोठतं. मूळ खात्यावरच परत केले आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवला. खोट्या स्क्रीनशॉटवर भुलून माल गेलाच असेल, तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. नुसतं पैसे लांबवल्याचं प्रकरण मात्र पोलीस बहुधा ‘दिवाणी आहे’ म्हणूनच परत पाठवतात.

लॉट पुन्हा लावला. पहिली बोली एका नव्या नंबरवरून आली, बरोबर ७,०००. अ‍ॅडमिनने पत्ता मागितला तर घर क्रमांक, पिनकोड सगळं तेच. दोन्ही नंबर त्याच रात्री बाहेर काढले. लॉट ८,६०० ला वर्ध्याच्या एका मास्तरांना गेला. पैसे जेवणं व्हायच्या आत जमा.