ब्लॉक करायचं की म्यूट?

सोशल मीडियावरच्या वादात कुणी मुद्दा सोडून थेट अंगावर यायला लागलं की हात आधी ब्लॉककडे जातो, माझा पण जायचा. पण ब्लॉक केलेलं समोरच्याला कळतंच, प्रोफाईल उघडून बघितलं की समजतं, मग काही जण स्क्रीनशॉट टाकून "बघा, घाबरला" म्हणत मिरवतात आणि वर दुसऱ्या अकाउंटवरून परत हजर!

म्यूटचं तसं नाही. त्याला पत्ताच लागत नाही. माझ्या एका कमेंटखाली एकजण रात्री उशिरापर्यंत अकरा रिप्लाय टाकत बसलेला, शेवटचा तर नुसता "???", आणि मला ते दुसऱ्या दिवशी मित्राने दाखवलं तेव्हा कळलं. खोटं कशाला बोलू, मजा आली.

फक्त म्यूटमध्ये तुम्हाला दिसत नाही इतकंच हां, बाकीच्यांना सगळं दिसतं. ब्लॉक पण आता पूर्वीसारखा राहिला नाही, एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) नोव्हेंबर २०२४ पासून ब्लॉक केलेल्यालाही तुमच्या पब्लिक पोस्ट दिसतात, रिप्लाय-लाइक तेवढं करता येत नाही. इन्स्टाग्रामचं रिस्ट्रिक्ट (२०१९ पासून आहे) या दोघांच्या मधलं, रिस्ट्रिक्ट केलेल्याची तुमच्या पोस्टवरची नवी कमेंट तुम्ही अप्रूव्ह करेपर्यंत बाकी कुणाला दिसतच नाही.

नुसता खवचटपणा असेल तर मी म्यूटच करतो. पण धमकी, घरचा पत्ता, फोटो असलं काही आलं तर आधी स्क्रीनशॉट, मग रिपोर्ट, मग ब्लॉक. आधीच ब्लॉक केलंत तर नंतर पुरावा शोधताना नाकी नऊ येतात.