टाइप केलेलं जिंकतं, पण प्रत्येक टूलमध्ये वेगळ्या तऱ्हेने

गेले काही महिने मी टर्मिनलवर (जिथे कमांड टाइप करून कॉम्प्युटर चालवतात) एक शिस्त पाळतोय: कायमच्या सवयी टूलच्या कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, आणि तेवढ्यापुरता बदल हवा असेल तर कमांडसोबत फ्लॅग, म्हणजे तिथेच टाइप केलेला पर्याय. ही शिस्त ज्या नियमावर उभी आहे तो सोपा आहे. फाइल काहीही म्हणो, टाइप केलेला पर्याय तिच्यावर मात करतो. नियम बहुतेक वेळा पाळला जातो, पण मात करण्याच्या तऱ्हा फार निराळ्या निघाल्या.

सर्वात निर्धास्त वाटलं ते रिपग्रेप, फाइलींमधला मजकूर शोधणारं टूल. त्याच्या फाइलला स्वतःची अशी भाषाच नाही, एका ओळीत एक फ्लॅग लिहायचा. ही फाइल ते स्वतःहून शोधत नाही, तिचा पत्ता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (आधीच नाव देऊन ठेवलेली, प्रोग्रामना वाचता येणारी किंमत) द्यावा लागतो. कमांड चालते तेव्हा फाइलमधल्या ओळी तुमच्या फ्लॅगच्या आधी जोडल्या जातात आणि नंतर आलेला आधीच्याला मोडतो. फाइलमध्ये ‘स्मार्ट केस’ (शोधशब्द सगळा लहान अक्षरांत असेल तर लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांत फरक न करणं) असलं तरी कमांडवर ‘केस सेन्सिटिव्ह’ (फरक करणं) लिहिलं की विषय संपला.

कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिटही शेवटच्याचंच ऐकतं: आधी सिस्टिमची फाइल, मग तुमची, मग रेपोची (त्या प्रकल्पाची), आणि सर्वांवर कमांडवरचा ‘सी’ फ्लॅग. कुठली किंमत कुठून आली हे ‘शो ओरिजिन’ लावून यादी काढली की दिसतं. मला ही सोय फ्लॅगपेक्षाही जास्त उपयोगी पडली. एक खोच मात्र आहे. लेखकाच्या नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल शेलमध्ये (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) सेट असेल, तर ‘सी’ने दिलेलं यूजरनेमही त्यापुढे चालत नाही.

दूरच्या मशीनवर लॉगिन करून देणाऱ्या एसएसएचची गंगा उलटी वाहते. तिथे पहिली सापडलेली किंमत पक्की होते. कमांड लाइन सर्वांत आधी वाचली जाते म्हणून ती जिंकते, इतकंच. याचा परिणाम फाइल लिहिताना होतो: ‘होस्ट स्टार’चा, म्हणजे सगळ्या मशीनना लागू होणारा, भाग तळाशी ठेवावा लागतो, वर ठेवला तर खालच्या खास सेटिंगना कोणी विचारत नाही. शिवाय लॉगिनसाठीच्या की-फाइलसारख्या गोष्टी बदलत नाहीत, वाढत जातात. ‘आय’ने एक की दिली तरी फाइलमधल्या कीज रांगेत राहतातच. फाइल अजिबात नको असेल तर मोठ्या ‘एफ’पुढे ‘नन’ लिहायचं. शंका आली की मोठा ‘जी’ वापरतो, जोडणी न करता अंतिम सेटिंग छापून मिळतं.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचा क्रम तर पाठ करण्यात अर्थच नाही. पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या पिपमध्ये ती फाइलच्या वर आणि फ्लॅगच्या खाली. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ती सर्वांत तळाला, फाइलच्याही खाली.

नाराजी आहे ती अनेक मशीन एकदम सेट करणाऱ्या अ‍ॅन्सिबलवर. इन्व्हेंटरीत (मशीनच्या यादीत) ‘अ‍ॅन्सिबल यूजर’ लिहिलेला असेल तर कमांडवर ‘यू’ने दिलेलं नाव मुकाट्याने बाजूला पडतं. खरोखर वरचढ व्हायचं तर ‘ई’ने एक्स्ट्रा व्हेरिएबल म्हणूनच द्यावं लागतं. कागदोपत्री हे सगळं लिहिलेलं आहे, पण समोर टाइप केलेलं नाव टूल न बोलता टाळतं तेव्हा निदान एक इशारा तरी छापायला हवा होता.

स्क्रिप्टमध्ये मी आता फाइल बंदच ठेवतो: रिपग्रेपला ‘नो कॉन्फिग’, यूआरएलवरून डेटा आणणाऱ्या कर्लला ‘क्यू’. कर्लचा ‘क्यू’ मात्र अगदी पहिलाच हवा, मागे लिहिला तर फाइल आधीच वाचून झालेली असते.