चावीचे २८३ रुपये: गाडीच्या विम्याचं ऑटो-रिन्यूअल, दोन वर्षांनंतरचा अनुभव

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तक्रार अजून चालू आहे. आणि खरं सांगायचं तर नाव कोणतंही टाका, थोड्याफार फरकाने हेच निघेल.

गाडी २०१९ च्या दसऱ्याची, ११९७ सीसी पेट्रोल हॅचबॅक, एमएच १९. जळगाव ते धुळे, जळगाव ते चोपडा आणि बाकी दिवस दाणा बाजारात दुकानासमोर धूळ खात उभी, एवढंच तिचं आयुष्य. आधीची चार वर्षं मी दर सप्टेंबरला दोन-तीन कंपन्यांचे कोट, म्हणजे भाव, काढून विमा घ्यायचो. २०२३ ला ॲपवर पैसे भरताना यूपीआय ऑटोपे (दरवर्षी पैसे आपोआप कटतात ते) चालू करायचा पर्याय आला, खाली "दरवर्षीची कटकट संपवा" असं काहीतरी लिहिलं होतं. दुकानात दिवाळीचा माल उतरत होता, मी केलं चालू.

२०२४ ला आपोआप ७,८१९ रुपये कटले, पॉलिसी मेलवर आली, मी उघडलीसुद्धा नाही. उलट दोन-चार जणांना सांगत फिरलो की भो एकदम झकास सोय आहे, डोक्याला ताप नाही. तेव्हा कोणी विचारलं असतं तर पाच स्टार दिले असते.

आता २०२५ चं. नवरात्रात एका संध्याकाळी बँकेचा मेसेज आला, उद्या तुमच्या खात्यातून १०,९५७ रुपये कटणार. ऑटोपेच्या नियमाने किमान २४ तास आधी असा मेसेज द्यावाच लागतो, तो नसता तर मला पत्ता लागला नसता. ७,८१९ चे एकदम १०,९५७! आणि कंपनी एवढे कापू कशी शकते, तर मॅन्डेट, म्हणजे पैसे कापायची परवानगी, देताना मी जी रक्कम मंजूर केली होती ती "१५,००० पर्यंत" होती. तेव्हा त्या वर्षीचा आकडा दिसत होता म्हणून मी समजलो तेवढेच कटतील. त्या मर्यादेच्या आत असलं तर दरवेळी पिनही टाकावा लागत नाही. हे वाक्य ज्यांनी ऑटोपे लावलाय त्यांनी परत एकदा वाचा आणि आपल्या यूपीआय ॲपमध्ये मॅन्डेटवर जाऊन वरची मर्यादा किती लिहिलीय ते बघून या.

रात्री जेवण झाल्यावर तुलना करणाऱ्या एका ॲपवर गाडीचा नंबर टाकला. तीच कंपनी, तीच गाडी, झिरो डेप (क्लेममध्ये घसारा न कापणारं जादा कव्हर) सकट, ७,४७६ रुपये. म्हणजे मी सहा वर्षांचं जुनं गिऱ्हाईक तर १०,९५७ आणि आज पहिल्यांदा दारात आलेल्या माणसाला ७,४७६. फरक ३,४८१. माझं डोकंच आउट. आमच्या बाजारात उलटं असतं हो. वीस वर्षांपासून माल नेणारा यावलचा दुकानदार आला तर त्याला आपण तूरडाळीत क्विंटलमागे काहीतरी कमीच लावतो, न मागता, आणि चहा वेगळा. नवीन माणसाला बाजारभाव. इथे जुना म्हणजे हलणार नाही, लावा त्याला.

तिथल्या तिथे मॅन्डेट रद्द केलं. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे, मग रद्द करा, पिन टाका, झालं. अर्ध्या मिनिटाचं काम, हे चांगलंय, कंपनीच्या हातापाया पडावं लागत नाही.

मग झोप येईना म्हणून पॉलिसी उघडली, मागच्या वर्षीची. पहिल्यांदाच. आणि तिथे तिसऱ्या पानावर ओळ सापडली: की रिप्लेसमेंट, २४० रुपये. जीएसटी धरून २८३. २०२५ च्या रिन्यूअल नोटिशीत तीच ओळ २६० ची, म्हणजे जीएसटीसकट ३०७.

चावी हरवली तर कंपनी नवीन देणार, हे ते कव्हर. मी घेतलेलं नाही. २०२३ च्या पॉलिसीत नाही. २०२४ ला आपोआप रिन्यू होताना घुसलं. आता आमच्या गाडीच्या चावीबद्दल सांगतो. ती देवघराच्या शेजारी खिळ्याला असते, तिला नानांनी लाल नाडा बांधलाय, नाड्याला पितळेची छोटी घंटी आहे. नानांना विचारल्याशिवाय ती खिळ्यावरून निघत नाही, निघाली तर घंटी वाजते आणि आतून आवाज येतो, कोन शे (कोण आहे)? दुसरी चावी कपाटात, आईच्या दागिन्यांच्या डब्यात. या चावीचा विमा! नानांना सांगितलं तर ते म्हणे, "आपली चावी कधय हारपनी व्हती रे?" मी म्हटलं नाना कधीच नाही, तरी २८३ रुपये गेले. दोन दिवस घरात हाच विषय.

मिसेसचं म्हणणं की ३,४८१ चा फरक सोडून तू २८३ ला काय धरून बसलाय. बरोबर आहे तिचं. पण ३,४८१ अजून गेले नव्हते, २८३ गेले होते.

आता इथे मला माझंच आधीचं म्हणणं थोडं मागे घ्यावं लागणार आहे. दुसऱ्या दिवशी दुकानात कागद घेऊन बसलो आणि पहिली चूक माझीच निघाली. तुलनेच्या ॲपवर "चालू पॉलिसीत क्लेम घेतला का" याला मी घाईत "नाही" दाबलं होतं. क्लेम घेतलाय की! फेब्रुवारीत एरंडोलच्या अलीकडे खडीच्या डंपरमागे होतो, एक खडा उडाला आणि समोरच्या काचेला मधोमध कोळ्याचं जाळं. बिल ९,८०० झालं, कंपल्सरी डिडक्टिबलचे (क्लेममध्ये आपण भरायचाच तो भाग) १,००० माझे, बाकी ८,८०० कंपनीने थेट गॅरेजला दिले. ते काम मात्र एक नंबर झालं, सकाळी फोन, दुपारी फोटो, तिसऱ्या दिवशी काच बसवून गाडी हातात. कोणी कागद मागून पिडलं नाही. तेवढ्यासाठी कंपनीला मनापासून मार्क.

पण क्लेम घेतला की एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याची सूट (नो क्लेम बोनस), शून्य. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असं चढत जातं, माझं पन्नासवर पोचलेलं, ते खाली. म्हणून ओडीचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर, सूट त्यावरच असते) भाग एकदम दुप्पट दिसत होता, त्यात कंपनीचा काही दोष नाही. आणि मी ते खोटं "नाही" तसंच ठेवून स्वस्तात पॉलिसी घेतली असती तर पुढच्या क्लेमला नवीन कंपनीने जुनीला विचारलं असतं आणि मी लटकलो असतो. असं करू नका.

खरं उत्तर टाकल्यावर तोच कोट ९,५३० झाला. फरक आला १,४२७ वर. त्यातले ३०७ चावीचे (बघा, परत चावी). मग लक्षात आलं की तिकडे आयडीव्ही २,७०,००० धरलीय आणि माझ्या नोटिशीत २,९५,०००. गाडी चोरीला गेली किंवा पार चेंदामेंदा झाली तर मिळणारी रक्कम ती, कमी धरली की प्रीमियम आपोआप स्वस्त दिसतो. सारखी केल्यावर ९,९०७. टीपी (थर्ड पार्टी, दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा) दोन्हीकडे तोच, ३,४१६, तो सरकार ठरवतं, १००० ते १५०० सीसीला जून २०२२ पासून हाच आकडा चालू होता, तिथे घासाघीस नाही. जो काही खेळ होतो तो ओडी आणि ॲड-ऑनमध्ये, म्हणजे वरून जोडलेल्या जादा कव्हरांमध्ये. ओडीचे दर २००७ पासून कंपन्यांना मोकळे आहेत.

तर सगळं सारखं करून चावी बाजूला ठेवली की जुनं गिऱ्हाईक असण्याचा दंड निघतो ७४३ रुपये. ३,४८१ वरून ७४३. राग थोडा उतरला, खोटं कशाला बोलू. पण ७४३ सुद्धा का?

हा प्रश्न कस्टमर केअरला विचारला. पोरगी बिचारी चांगली होती, सर सर करत होती, तुम्ही आमचे मूल्यवान ग्राहक आहात वगैरे. मी म्हटलं ताई मूल्यवान आहे म्हणूनच जास्त लावून राहिले का? ती म्हणे सिस्टम ठरवते. मग मी फक्त एवढंच म्हटलं की दुसरीकडे जातोय. दोन मिनिटं होल्डवर गाणं, नंतर दुसरा माणूस, आणि त्याचं पहिलंच वाक्य, सर आम्ही ६०० रुपये स्पेशल डिस्काउंट देऊ शकतो. म्हणजे ७४३ मधले ६०० एका वाक्यात सुटले! जो फोन करत नाही, ज्याचा ऑटोपे चालू आहे, तो हे ६०० दरवर्षी देत राहतो. आणि चावी काढा म्हटलं तर म्हणे ती पॅकेजमध्ये येते, निघणार नाही. सहाशे सोडायला तयार, चावी काढायला नाही.

बहिणीचा मुलगा इंग्लंडमध्ये नोकरीला आहे, त्याला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तर तो हसला, म्हणे मामा इकडे तर याच्यावर कायदाच झाला. तिकडच्या एफसीए नावाच्या नियामकाने हिशोब काढला होता की २०१८ मध्ये घर आणि गाडीच्या विम्यात ६० लाख पॉलिसीधारक चढे दर देत होते, त्यांनी सरासरी दर दिला असता तर १.२ अब्ज पौंड वाचले असते. मग १ जानेवारी २०२२ पासून नियम, की घर आणि गाडीच्या विम्याला जुन्या ग्राहकाला रिन्यूअलचा भाव नव्या ग्राहकापेक्षा जास्त लावायचा नाही, आणि ऑटो-रिन्यूअल बंद करायचे सोपे मार्ग द्यायचे. त्याला म्हटलं तिकडच्या चावीचं काय? त्याला कळलं नाही मी काय विचारतोय ते.

शेवटी दुसऱ्या कंपनीकडे गेलो, आयडीव्ही २,९५,००० च ठेवून, ९,३१० मध्ये. जुनी पॉलिसी संपायच्या आत घेतली म्हणून गाडीची तपासणी लागली नाही.

त्या निमित्ताने काचेच्या क्लेमचा पण हिशोब मांडला, कारण साडू म्हणत होते क्लेम घेऊन घाटा केला. एनसीबी परत पन्नासवर जायला पाच वर्षं लागतात, तोपर्यंत दरवर्षी ५०, ३०, २५, १५, ५ टक्के असं नुकसान, एकूण एका वर्षाच्या ओडीच्या सव्वापट. नोटिशीतली ओडी ४,१३० तेवढीच धरली तर जीएसटीसकट ६,०९२ रुपये. मिळाले ८,८००. म्हणजे फायद्यातच, पण बिल सहा-सात हजारांचं असतं तर खिशातून भरलेलं बरं होतं. यात अजून एक खाज अशी की काचेला घसारा धरतच नाहीत, त्यामुळे मी इतकी वर्षं भरलेलं झिरो डेप या क्लेममध्ये कामीच आलं नाही. आणि क्लेम घेतला तरी एनसीबी टिकवणारं एनसीबी प्रोटेक्ट म्हणून जे ॲड-ऑन असतं, जे खरंच कामी आलं असतं, ते मी २०२३ ला पैसे वाचवायला काढलं होतं. सिस्टमला स्वतःहून काही घुसवायचंच होतं तर ते घुसवायचं ना. घुसवली काय, तर चावी.

बरं, ऑटो-रिन्यूअल सगळ्यांसाठीच वाईट आहे असं पण नाही. याच साडूंची गाडी चोपड्याला. कापसाच्या गडबडीत विमा संपला, चार महिने लक्षातच नाही. ९० दिवस उलटले की एनसीबी गेलंच, त्यांचं ४५ टक्के गेलं, वरून नवीन पॉलिसीला गाडीचा व्हिडिओ काढून पाठवा, आणि मधल्या काळात पोलिसाने धरलं असतं तर पहिल्या वेळचाच दंड २,००० आणि कोणाला ठोकर लागली असती तर शेत विकायची वेळ. अशा माणसाला ऑटोपे असलेला बरा, ७४३ गेले तर गेले. आईच्या आरोग्य विम्याचा ऑटोपे मी पण चालूच ठेवलाय, तिथे खंड पडला तर मोतीबिंदू-गुडघ्यांचे वेटिंग पिरियड (तोवर त्या आजाराचा खर्च मिळत नाही) परत पहिल्यापासून मोजायची पाळी येईल, तेवढी हिंमत नाही. फक्त तिथे कंपनी बदलायची तर रिन्यूअलच्या ४५ दिवस आधी अर्ज लागतो, बँकेचा मेसेज येईपर्यंत थांबलात तर वर्ष गेलं.

नवीन कंपनीच्या ॲपवर पैसे भरताना सगळ्यात खाली फिकट अक्षरात ऑटो-रिन्यूची खूण आधीच केलेली होती. काढली. दिनदर्शिकेवर १५ सप्टेंबरला लाल पेनाने "गाडी विमा" लिहिलंय, मिसेसने त्याच्याखाली बारीक अक्षरात "चावी" लिहून ठेवलंय, ते वेगळं.

आता २८३ चं. ऑक्टोबरमध्ये जुन्या कंपनीकडे लेखी तक्रार टाकली. चौदाव्या दिवशी उत्तर, की सदर कव्हर रिन्यूअल नोटिशीत नमूद होतं, आपण हरकत घेतली नाही. शोधलं तर खरंच होतं, सप्टेंबर २०२४ चा मेल, जाहिरातींच्या टॅबमध्ये, साड्यांच्या सेलच्या आणि जिमच्या ऑफरच्या मधोमध. म्हणजे मी गप्प बसलो हीच माझी संमती. मग बीमा भरोसा या विमा नियामकाच्या तक्रार पोर्टलवर टाकली, तिथे टोकन नंबर मिळाला.

जानेवारीत कंपनीतून फोन आला, एकदम गोड आवाज. सर तुमची तक्रार आम्ही गांभीर्याने घेतली आहे, सद्भावना म्हणून ३०० रुपयांचं शॉपिंग व्हाउचर देतोय. मी विचारलं अट काय, तर किमान ९९९ ची खरेदी. नाना शेजारीच बसले होते, त्यांनी मान हलवली. मी म्हटलं व्हाउचर नको, १७ रुपये तुमच्याकडेच ठेवा, २८३ खात्यात टाका. ते म्हणाले वर विचारून सांगतो. अजून वरून उत्तर आलेलं नाही.