डबीत भेसळ नव्हती, तरीही फसलो

माझ्या हृदयात माइट्रल व्हॉल्व्हच्या जागी धातूची झडप आहे. रात्री सामसूम झाली की तिची टिकटिक मला ऐकू येते. तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून आयुष्यभर वॉरफेरिन घ्यायचं आणि आयएनआर २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचा, हे गणित मला पाठ आहे. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा: कमी आला तर गुठळीची भीती, जास्त आला तर रक्तस्रावाची. मुद्दाम सांगतो, कारण फसतो तो बावळटच, असा आपला समज असतो.

हृदयासाठीच्या व्हिटॅमिनच्या एका जाहिरातीखालचा फॉर्म भरला आणि तासाभरात फोन आला. बाई स्वतःला 'हृदय-पोषण सल्लागार' म्हणवत होत्या. ऑपरेशन कधी झालं, धाप लागते का, गोळ्या कोणत्या, सगळं विचारलं. मी प्रिस्क्रिप्शन समोर धरून वॉरफेरिनचं नाव डोससकट वाचून दाखवलं. पलीकडे टाइप केल्याचा आवाज येत होता. मग म्हणाल्या, "काळजी करू नका सर, हे औषध नाही, नुसतं व्हिटॅमिन आहे. कुठल्याही गोळीबरोबर चालतं." सहा महिन्यांचं पॅकेज मी त्याच फोनवर घेतलं.

डबीत भेसळ नव्हती. घात केला तो अस्सल मालाने. पुढे ठळक अक्षरांत 'रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवा', मागे बारीक अक्षरांत 'मेनाक्विनोन-७'. म्हणजे व्हिटॅमिन के२. रक्त गोठवणारे घटक तयार करायला यकृताला व्हिटॅमिन के लागतं आणि वॉरफेरिन नेमकं तेच अडवतं. रात्री वॉरफेरिन घ्यायचं आणि सकाळी त्याचा उतारा, असा माझा दिनक्रम चालला होता.

तीन आठवड्यांनी आयएनआर १.६. गोळ्या चुकल्या का? नाही. नवीन काही चालू केलंय? नाही म्हणालो. खोटं बोलायचं नव्हतं. व्हिटॅमिन 'औषधात' धरायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. डॉक्टरांनी वॉरफेरिन वाढवलं, मधल्या दिवसांसाठी हेपरिनची, म्हणजे गुठळी लगेच रोखणारी, इंजेक्शनं दिली. गुठळी धरली तर झडपेचा आवाज दबका होतो, असं ऑपरेशनच्या वेळी ऐकलं होतं. कित्येक रात्री मी ती टिकटिक मोजत काढल्या.

पहिली डबी संपली, दुसरी यायला उशीर झाला. मेनाक्विनोन-७ अंगात बरेच दिवस रेंगाळतं, त्यामुळे आधी काही जाणवलं नाही. वाढवलेला डोस मात्र तसाच चालू. एका सकाळी नाकातून रक्त सुरू झालं ते थांबेना. आयएनआर ६.८! तेव्हा कुठे मुलीने पिशवीत टाकून आणलेली रिकामी डबी डॉक्टरांच्या टेबलावर आली. त्यांनी पुढची बाजू बघितलीच नाही, सरळ उलटी करून वाचली.

पॅकेजबरोबर केसांसाठी म्हणून एक बाटली 'भेट' आली होती, बायोटिन या व्हिटॅमिनच्या मोठ्या डोसची. छातीत दुखलं की रक्तातलं ट्रोपोनिन तपासतात; हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते वाढतं. बायोटिनमुळे काही यंत्रांवर तो आकडा खोटाच कमी येऊ शकतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये तसा इशारा दिलाय. हृदयरोग्याला काय भेट निवडली आहे!

जाब विचारल्यावर उत्तर आलं, "सर, डबीवर 'डॉक्टरांचा सल्ला घ्या' असं लिहिलंय." मग माझ्या गोळ्यांची यादी कशाला लिहून घेतली? "प्रोफाइलसाठी."

तुम्ही वॉरफेरिन किंवा त्याच जातीच्या अ‍ॅसेनोकुमॅरॉलवर असाल, तर के१, के२, फायटोनाडायोन, एमके-७ ही सगळी एकाच घरातली नावं समजा. साध्या मल्टिव्हिटॅमिनमध्येही ती सापडतात. आधीच असं काही घेत असाल, तर परस्पर बंदही करू नका. डोस त्याच्यासकट बसवलेला असू शकतो, माझा तसाच होता. स्पायरोनोलॅक्टोन किंवा रामिप्रिल घेणाऱ्यांनी डबीवर पोटॅशियम आहे का ते बघावं, डिगॉक्सिनवाल्यांनी कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीचे मोठे डोस.

पैसे परत मिळालेले नाहीत. सील फोडलेला माल परत घेत नाहीत म्हणे. उशिरा आलेली दुसरी डबी सीलबंदच आहे, पण पॅकेजमधली सुटी डबीही परत घेत नाहीत.