डेंड्रिमर की हायपरब्रांच्ड?
नॅनोकणांना आवरण हवंय, तर बनवायचं काय? थरावर थर चढवत नेमानं फांद्या फुटवलेला रेणू, म्हणजे डेंड्रिमर, की वेड्यावाकड्या फांद्यांचा हायपरब्रांच्ड पॉलिमर? पामाम (पॉलिअमिडोअमाइन) डेंड्रिमरची चौथी पिढी (मोजणी शून्यापासून) म्हणजे एथिलीनडायअमाइनच्या गाभ्यावर आधी मिथाइल अ‍ॅक्रिलेट, मग पुन्हा एथिलीनडायअमाइन, असे पाच फेरे. दर फेऱ्याला उरलेलं अमाइन काढत बसा. नागपूरच्या मे महिन्यात नळालाच गरम पाणी येतं, रोटाव्हेपचा (द्रावक उडवून काढायच्या यंत्राचा) कंडेन्सर थंड होईल तर शपथ! पण हाती येतो तो माल चोख: साधारण साडेचार नॅनोमीटरचा गोळा, अंगावर 64 अमाइन गट. पोटात सोन्याचे कण वाढवायचे तर हाच.

हायपरब्रांच्डचं सगळं एकाच भांड्यात. एबी-2 मोनोमर (एक ‘ए’ आणि त्याच्याशी जुळणारे दोन ‘बी’ गट असलेला छोटा रेणू) टाका, तापवा, तर्री-पोहे खाऊन या. फांद्या मात्र बाभळीसारख्या, कुठेही फुटलेल्या, रेणूही लहानमोठे. लेपासाठी मी तरी हाच घेईन. रंगाच्या डब्यात गट मोजायला कोण बसलंय?