मिल्टनची ईव्ह की कोलरिजचा खलाशी?

पाप आणि पश्चात्तापावरच्या या दोन इंग्रजी काव्यांपैकी कोणतं वाचावं? मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ या महाकाव्यामध्ये (१६६७, बारा सर्गांची आवृत्ती १६७४) पापाआधी चांगला युक्तिवाद रंगतो. नवव्या सर्गात साप बायबलमधल्या पहिल्या स्त्रीची, ईव्हची, तोंडभरून स्तुती करतो, देवाने मना केलेलं फळ खाल्ल्यानेच मला वाचा फुटली म्हणतो आणि ती भुलते. तिचा जोडीदार अ‍ॅडम मात्र फसत नाही. तिच्याशिवाय जगणं नको म्हणून तो जाणूनबुजून खातो. माझ्या मते या काव्यातलं सगळ्यात अवघड पाप हेच. मग दोघं एकमेकांवर खापर फोडतात. दहाव्या सर्गात आधी ईव्ह अ‍ॅडमच्या पाया पडते, नंतर दोघं देवापुढे रडून क्षमा मागतात.

कोलरिजच्या ‘द राइम ऑफ द एन्शंट मरिनर’मधल्या (१७९८) म्हाताऱ्या खलाशाला मोह वगैरे काही नाहीच. तो अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याला बाण मारतो. का, ते कवी सांगतच नाही. पश्चात्तापही ठरवून नाही. चांदण्यात पाणसाप पाहताना तो नकळत त्यांना आशीर्वाद देतो आणि सोबत्यांनी शिक्षा म्हणून गळ्यात अडकवलेला तो मेलेला पक्षी गळून पडतो. (इथेही सापच, बघा!) तरी सुटका नाही, तीच कथा लोकांना अडवून सांगत फिरावं लागतं.

तर्क आवडत असेल तर मिल्टन घ्या, पण सवड काढून. मला खलाशी जास्त छळतो, शिवाय तो एका बैठकीत वाचून होतो.