सॅमसंग ८७० इव्हो: ऑफिसच्या जुन्या संगणकात घालावी का, आणि घालायची तर कशी

सकाळी संगणक चालू केल्यापासून बिलिंगची खिडकी उघडेपर्यंत चार-पाच मिनिटे जात असतील, तर टास्क मॅनेजर उघडून बघा. प्रोसेसर निवांत आणि डिस्कचा आकडा १०० टक्क्यांना चिकटलेला, असे दिसले तर दुखणे हार्ड डिस्कचे आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला हवा तो भाग वाचणाऱ्या हेडखाली येण्याची सरासरी ४ मिलिसेकंद वाट बघावी लागते. हेड सरकण्याचा वेळ त्याहून वेगळा. विंडोज सुरू होताना अशा छोट्या-छोट्या फायली हजारोंनी वाचल्या जातात आणि सगळा उशीर तिथेच साचतो. एसएसडीत, म्हणजे चिपवर डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हमध्ये, फिरणारे काहीच नाही, म्हणून फरक लगेच जाणवतो.

जानेवारी २०२१ मध्ये आलेली ८७० इव्हो ही २.५ इंची साटा (हार्ड डिस्कच्याच नेहमीच्या केबलवर चालणारी) एसएसडी या कामासाठी उत्तम आहे. वाचण्याचा वेग सेकंदाला ५६० एमबी आणि लिहिण्याचा ५३० एमबी, म्हणजे साटाच्या तारेतून जेवढे जाऊ शकते तेवढे जवळपास सगळे. बोर्डावर जुने ३ गिगाबिटचे साटा पोर्ट असेल तर हा वेग साधारण निम्मा होतो, पण त्यामुळे खरेदी टाळू नका. ऑफिसच्या कामात सलग वेगापेक्षा फायली पटापट सापडण्याला महत्त्व असते आणि तो फायदा जुन्या पोर्टवरही मिळतो. शिवाय हिच्यात स्वतःची डीरॅम आहे, म्हणजे कुठला डेटा कुठे आहे याची यादी ठेवणारी वेगवान मेमरी. बिनाडीरॅमच्या स्वस्त ड्राइव्ह भरत आल्या की अडखळायला लागतात, ही तुलनेने एकसारखी चालते.

टिकाऊपणाची काळजी नको. ५०० जीबीच्या मॉडेलची वॉरंटी ५ वर्षे किंवा ३०० टेराबाइट लिखाण, यांपैकी जे आधी होईल ते. रोज २० जीबी लिहिले तरी ३०० टेराबाइटला ४१ वर्षे लागतात. २५० जीबीच्या मॉडेलला यातली निम्मी मर्यादा आहे आणि तीही पुरेशीच. तरी ५०० जीबीच घ्या, कारण ड्राइव्हचा पाचवा हिस्सा मोकळा राहिला तर ती वेग टिकवते.

खरेदी करताना डब्यावरचे अक्षर नीट वाचा. ८७० क्यूव्हीओ नावाची ड्राइव्ह दिसायला अशीच असते, पण तिच्या एका सेलमध्ये, म्हणजे साठवणीच्या सूक्ष्म कप्प्यात, चार बिट साठवतात. वॉरंटी ३ वर्षे, १ टीबीला ३६० टेराबाइट लिखाण (इव्होला ६००), आणि कॅश (लिखाण आधी झेलणारी वेगवान जागा) भरल्यावर १ टीबी मॉडेलचा लिहिण्याचा वेग सेकंदाला ८० एमबीपर्यंत घसरतो. फोटोंचा साठा ठेवायला ती चालेल, विंडोजसाठी नको.

दोन परिस्थितींत इव्होसुद्धा घेऊ नका. बोर्डावर एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान प्रकार) चालणारा एम.२ स्लॉट, म्हणजे पट्टीसारख्या ड्राइव्हची खाच, असेल तर तिथे एनव्हीएमई ड्राइव्ह बसवा, केबलची कटकटही वाचते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर (मोजके अपवाद सोडून) विंडोज ११ च्या मान्य यादीत नाही, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोयही लागतेच. एसएसडीने असे यंत्र वेगवान होईल, पण मान्य होणार नाही. इंटरनेटला जोडलेल्या हिशेबाच्या संगणकासाठी हा खर्च आधी तपासून मगच करावा. रॅम ४ जीबी असेल तर तीही सोबत वाढवा, नाहीतर विंडोज ड्राइव्हचाच रॅम म्हणून वापर करत राहील.

डब्यात ड्राइव्ह आणि पत्रक एवढेच मिळते. डेस्कटॉपसाठी साटा केबल, २.५ ते ३.५ इंची ब्रॅकेट आणि एम३ चे चार स्क्रू वेगळे आणा. पॉवर सप्लायवर मोकळा साटा कनेक्टर आहे ना, हेही आधीच पाहून ठेवा. लॅपटॉपमध्ये ७ मिमी जाडीची ही ड्राइव्ह ९.५ मिमीच्या जागेत हलते, तिथे प्लॅस्टिकची चौकट लागते.

क्लोन करण्याआधी, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नवीवर उतरवण्याआधी, जुन्या डिस्कचा स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) काढा. ५, १९७ आणि १९८ या खराब सेक्टरच्या (डिस्कवरच्या छोट्या तुकड्यांच्या) तीन नोंदी बघा. १९७ मध्ये शून्याहून मोठा आकडा असेल तर काही सेक्टर वाचता येत नाहीत. अशा वेळी क्लोनिंगच्या भानगडीत पडू नका. आधी हिशेबाचा डेटा बाहेर काढा आणि विंडोज नव्याने टाका. डिस्क ठीक असेल तर सॅमसंगचे डेटा मायग्रेशन सोपे पडते. बिटलॉकर (विंडोजचे डिस्कला लागणारे कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा आणि बिटलॉकर बंद करूनच पुढे जा.

क्लोन झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा. इथेच बरेच जण फसतात. दोन्ही डिस्कची सही (विंडोज डिस्क ओळखते तो क्रमांक) सारखी असल्याने विंडोज एकीला ऑफलाइन करते, किंवा जुन्या डिस्कवरूनच सुरू होते आणि 'काही फरकच पडला नाही' असे वाटते. सगळे सुरळीत चालले तरी जुनी डिस्क महिनाभर पुसू नका. तारीख लिहून कपाटात ठेवा.

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत, एएचसीआय हवा. तो जुना आयडीई असेल तर थेट बदलू नका, विंडोज निळ्या पडद्यावर थांबेल. एमएसकॉन्फिग या विंडोजच्या खिडकीतून सेफ बूट लावा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये मोड बदला, सेफ मोडमध्ये एकदा येऊ द्या आणि मग सेफ बूट काढून टाका. एक्सपीच्या काळापासून क्लोन होत आलेल्या डिस्कवर पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू होते, त्यामुळे एका लिखाणाची दोन होतात. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये पार्टिशनचा सुरुवातीचा आकडा ४०९६ ने पूर्ण भागला जातो का, ते बघा. १०,४८,५७६ दिसले तर बरोबर आहे.

मॅजिशियन हे सॅमसंगचे सॉफ्टवेअर फर्मवेअरसाठी (ड्राइव्हच्या आतल्या प्रोग्रामसाठी) जरूर ठेवा. सुरुवातीच्या काळातल्या काही ड्राइव्हवर वाचण्यातल्या चुकांच्या तक्रारी आल्या होत्या, म्हणून बसवतानाच फर्मवेअर ताजे करा. त्यातला रॅपिड मोड मात्र बिलिंगच्या संगणकावर लावू नका. तो लिखाण काही काळ रॅममध्ये थोपवतो. वीज गेली की तेवढी बिले गेली.

पुढे महिन्यातून एकदा स्मार्ट अहवालातल्या चार नोंदी बघितल्या तरी पुरे. १८७ म्हणजे दुरुस्त न झालेल्या चुका. हा आकडा वाढू लागला की त्याच दिवशी बॅकअप घ्या आणि ड्राइव्ह वॉरंटीत द्या. १९९ (केबलमधून येता-जाता झालेल्या चुका) वाढत असेल तर ड्राइव्हला दोष देऊ नका, साटा केबल बदला. सैल किंवा दुमडलेली केबल हेच त्याचे नेहमीचे कारण. २३५ मध्ये अचानक वीज तुटल्याच्या नोंदी जमतात. तो आकडा आठवड्याला वाढत असेल तर यूपीएसची बॅटरी गेली आहे, किंवा कुणीतरी शटडाउन न करता बटण दाबते आहे. २४१ ला ५१२ ने गुणले की आजवर किती बाइट लिहिले ते कळते.

या ड्राइव्हची खरी उणीव विजेशी निगडित आहे. सर्व्हरच्या एसएसडीत वीज गेल्यावर काही क्षण पुरवठा करणारे कपॅसिटर असतात, हिच्यात नाहीत. चार जण एकाच हिशेबाच्या फायलीत काम करतात त्या मुख्य संगणकात ही बसवायची असेल तर चालू यूपीएस हवाच. दुसरे म्हणजे हार्ड डिस्क मरण्याआधी बऱ्याचदा कुरकुरते, एसएसडी एखाद्या सकाळी नुसती दिसेनाशी होते. चुकून पुसलेली फाईलही ट्रिममुळे (पुसलेल्या फायलीची जागा रिकामी करून टाकणाऱ्या आदेशामुळे) सहसा परत मिळत नाही. रोजचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर आणि आठवड्याचा ऑफिसबाहेर, एवढी व्यवस्था बसवण्याच्या दिवशीच लावा.

कॅबिनेट बंद करण्याआधी लेबलवरच्या सिरियल नंबरचा फोटो काढून बिलासोबत ठेवा. वॉरंटीत ड्राइव्ह बदलून मिळते, डेटा नाही. आणि बंद पडलेली ड्राइव्ह पुसता येत नाही, तिच्यातल्या ग्राहकांच्या नोंदी तशाच बाहेर जातात. म्हणून संगणकात सोय असेल तर बिटलॉकर पहिल्याच दिवशी पुन्हा चालू करा आणि नवी की जुनीच्या जागी लिहून ठेवा.